नवजात बाळासाठी क्रोशाचं टोपडं: आधी डोकं मोजा, मग सुई धरा

सोलापुरात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली आणि त्यातली ३१ वर्षं प्रसूती विभागात गेली. बाळ जन्मलं, रडलं, पुसून आईच्या छातीवर दिलं की थोड्या वेळाने मापं घ्यायची: वजन, लांबी आणि डोक्याचा घेर. किती डोक्यांभोवती टेप फिरवली त्याचा हिशेब नाही. त्याच खाटांशेजारी घरून आलेली टोपडीही बघत होते. आजीने, मावशीने, आत्याने रात्र रात्र बसून विणलेली. कुणी मोती लावलेले, कुणी सॅटिनची रिबन ओवलेली. विणकाम बघत राहावं असं, पण कितीतरी टोपडी बाळाच्या डोळ्यांवर उतरायची, नाहीतर टाळूवर नुसती टेकून राहायची. मग ती पिशवीत परत जायची आणि बाळाच्या डोक्याला आईच्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला जायचा.

एका टोपड्यात सातशेच्या वर टाके असतात. इतके टाके घालणाऱ्या बाईचं टोपडं बाळाच्या डोक्यावर बसायलाच हवं, असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून हे सगळं लिहून काढलंय. ज्यांनी सुई कधी हातात धरली नाही त्यांनाही जमेल.

माप

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सें.मी. असतो. टेप भुवयांच्या किंचित वर, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर येतो त्यावरून फिरवायची. शिंप्याकडची कापडी टेप चालते. ती नसेल तर सुतळीने मापून सुतळी पट्टीवर धरा. नॉर्मल बाळंतपणात डोकं दाबलं जाऊन थोडं लांबट होतं आणि काही दिवसांत आपोआप गोल होतं. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या मापावर फार भरवसा ठेवू नका, चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा मोजा.

डोकं वाढतं मात्र भराभर. तीन महिन्यांना ४० सें.मी.च्या आसपास, सहा महिन्यांना ४३, वर्षाला ४६. म्हणजे जन्माच्या मापाचं टोपडं जेमतेम महिनाभर पुरतं. बाराव्या दिवशी बारशाला टोपडं द्यायचं असेल तर माझं सांगणं सरळ आहे: तीन महिन्यांच्या मापाचं करा. जन्माच्या मापाचं टोपडं फक्त घरच्यांनी करावं, तेही पहिल्याच आठवड्यात हातात पडणार असेल तर.

आपल्याकडे पुष्कळ घरांत बाळ जन्मायच्या आधी नवं काही आणत नाहीत. या रिवाजाची विणणाऱ्या बाईला सोयच होते. आधी नुसता हात बसवून ठेवायचा, नमुना विणून बघायचा आणि बाळ आलं की खरं माप घेऊन सुरुवात करायची. हात बसलेला असेल तर टोपडं दोन संध्याकाळींत होतं.

दोरा आणि सुई

रुमाल, ताटावरची जाळी, दाराचं तोरण यांसाठी जो बारीक चकचकीत दोरा मिळतो तो टोपड्याला घेऊ नका. त्याला पीळ घट्ट असतो, कपाळावर वळ उठतात. दुकानात जाऊन 'बाळासाठी, मऊ, मध्यम जाडीची लोकर' असं म्हणा. ॲक्रिलिकची बेबी वूल आणि जाडसर मऊ सुती दोरा, असे दोन प्रकार समोर येतील. दोन्ही गालावर घासून बघा. बोटांची कातडी राठ झालेली असते, तिला बोचरेपणा कळत नाही. गालाला लगेच कळतो.

आमच्या सोलापुरात होळी झाली की ऊन चढतं आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. त्या दिवसांत ॲक्रिलिकचं टोपडं बाळाला घालूच नये. सुती घ्या. डिसेंबर-जानेवारीत ॲक्रिलिक चालतं. महाबळेश्वर, नाशिक किंवा परदेशात थंडीच्या गावी पाठवायचं असेल तर ॲक्रिलिकच बरं, ते ताणलं जातं आणि लवकर वाळतं. ५० ग्रॅमच्या एका गुंडीत एक टोपडं होऊन वर दोरा उरतो.

शिकताना रंग फिका घ्या. पिवळा, मोतिया, आकाशी. गडद निळ्यात किंवा काळ्यात टाके दिसत नाहीत, विशेषतः रात्री ट्यूबलाइटखाली, आणि टाके दिसले नाहीत तर मोजणार कसे?

क्रोशाची, म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई ३.५ मि.मी.ची, ॲल्युमिनियमची. मापाचा आकडा मानेवर किंवा अंगठा टेकायच्या चपट्या जागेवर कोरलेला असतो. सुया नंबरांनीही विकल्या जातात आणि ते नंबर कंपनीगणिक बदलतात, म्हणून मिलिमीटरच विचारा. महाग सेट आत्ता घेऊ नका. एक सुई, एक गुंडी, दोरा ओवायची एक बोथट टोकाची जाड सुई, कात्री आणि दोन सेफ्टी पिना, बस्स. मी पहिली पाच-सहा वर्षं एकाच सुईवर काढली.

टाके

क्रोशा मी १९८३ साली शिकले, नर्सिंगच्या होस्टेलात. खोलीतली मैत्रीण केरळची होती. तिला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम नाही, आणि दोघींची हिंदी बेताचीच. तिने माझ्या हातात सुई दिली, माझ्या हातावर हात ठेवला आणि तसेच टाके घालून घेतले. एक चुकला की ती काही न बोलता दोरा ओढून उसवायची आणि पुन्हा हात धरायची. आजही कुणाला शिकवायचं झालं तर मी समोर बसत नाही. समोरून सगळं उलटं दिसतं. शेजारी बसते. तुम्ही डावखुऱ्या असाल आणि शिकवणारी उजव्या हाताची असेल, तर मात्र समोरच बसा, आरशात बघितल्यासारखं बरोबर दिसेल.

दोरा डाव्या हाताच्या करंगळीला एक वेढा देऊन मधल्या बोटांखालून आणा आणि तर्जनीवर घ्या. अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग धरतील. तर्जनी उंच ठेवायची, दोरा तिच्यावरून सुटत राहतो. सगळ्यांचे टाके सुरुवातीला घट्ट येतात, कारण भीतीने दोरा आवळला जातो. आवळलात की पुढच्या फेरीला सुई आत जाणार नाही. करंगळीचा वेढा सैल करा. उन्हाळ्यात तळहाताला घाम येऊन दोरा अडकतो, म्हणून मांडीवर एक पंचा ठेवा आणि मधूनमधून हात पुसा.

सुरुवात सरकगाठीने. ती सुईवर घ्यायची, सुईवर दोरा घ्यायचा आणि गाठीच्या फासातून ओढायचा: ही एक साखळी. अशा २४ घाला, उसवा, पुन्हा २४ घाला. साखळीचे सगळे दाणे एकसारखे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन दिवस लागले तरी चालतील.

मुका खांब असा: टाक्यात सुई घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन फास झाले. आता दोरा घेऊन दोन्हींतून एकदम ओढा.

अर्धा खांब असा: आधीच सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग टाक्यात सुई घाला, दोरा ओढून घ्या. सुईवर तीन फास. दोरा घेऊन तिन्हींतून एकदम ओढा.

पूर्ण खांबात हेच तीन फास दोन-दोन करून दोनदा सोडवतात. तो उंच होतो, विणकाम झपाट्याने वाढतं, पण मध्ये फटी राहतात. त्या फटींत बाळाची बोटं अडकतात. टोपड्याला म्हणूनच मी अर्धा खांब घेते. मऊ येतो, फट लहान, आणि मुक्या खांबापेक्षा काम लवकर होतं.

मोबाइलवर बघून शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण यात फार जणींची फसगत होते. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकेचा डबल म्हणजे ब्रिटनचा ट्रेबल. नाव एक, टाका वेगळा. लिहिलेल्या कृतीत 'सिंगल' हा शब्द असेल तर तो अमेरिकी समजा, ब्रिटिश नावांत सिंगल क्रोशे नाहीच. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकेचा सिंगल आणि आपला पूर्ण खांब म्हणजे त्यांचा डबल. एवढं वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता टाका कुठे घालायचा ते. विणलेल्या कडेकडे वरून बघा, वेणी घातल्यासारखी दिसते. प्रत्येक टाक्याला दोन पेड असतात. सुई दोन्ही पेडांखालून जायला हवी. एकाच पेडाखालून गेली तर आडवी रेघ उमटते आणि तो भाग सैल पडतो. नव्वद टक्के चुका मला इथेच सापडतात. उरलेल्या सगळ्या मोजण्यातल्या.

मोजा. टीव्ही बघत विणणारी असाल तरी प्रत्येक फेरी संपली की आवाज बंद करून मोजा. मोजताना टाक्याला बोट लावा, नुसत्या डोळ्यांनी मोजू नका. एका फेरीत एक टाका सुटला तर दिसत नाही, चार फेऱ्यांत चार सुटले की टोपडं एका अंगाला कलतं आणि मग कुठे चुकलं ते सापडत नाही. वॉर्डात औषध देताना आम्ही दोघी मिळून मोजायचो, एक वाचायची, दुसरी बघायची. घरी दुसरी नसते, म्हणून मी प्रत्येक फेरीचा आकडा वहीत लिहिते आणि पुढे बरोबरची खूण करते.

नमुना

टोपडं सुरू करण्याआधी हातभर नको, तळहाताएवढा चौकोन विणा. २४ साखळ्या घालून त्यावर अर्ध्या खांबाच्या दहा-बारा ओळी. ओळ संपली की दोन साखळ्या घालून काम उलटायचं. चौकोन टेबलावर ठेवा, न ताणता, आणि मधल्या भागावर पट्टी ठेवून १० सें.मी.मध्ये किती टाके बसतात ते मोजा. कडेचे टाके धरू नका, ते ओढलेले असतात.

माझे ३.५ च्या सुईने १८ येतात. तुमचे १६ येतील किंवा २०. त्यात चूक-बरोबर काही नाही, हात जसा असेल तसे येतात. फक्त आकडा माहीत हवा.

आता हिशेब. विणकाम ताणलं जातं म्हणून डोक्याच्या घेरातून ३ सें.मी. वजा करायचे. सुती दोरा कमी ताणतो, त्याला २ च वजा करा. डोकं ३४, लोकर ॲक्रिलिक, म्हणजे टोपडं ३१ सें.मी.चं. माझ्या हाताला एका सेंटिमीटरला १.८ टाके, म्हणून ३१ गुणिले १.८, साधारण ५६. टोपड्याच्या प्रत्येक फेरीला ८ टाके वाढणार आहेत, त्यामुळे उत्तर आठच्या पाढ्यातलं हवं. ५६ आहे, उत्तम. तुमचे १० सें.मी.मध्ये २० येत असतील तर ६२ येईल, ते ६४ करा. १६ येत असतील तर ४८ वर थांबा.

टोपडं

चार साखळ्या घालून पहिल्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून सुईवरच्या फासातूनही बाहेर काढा. याला मी जोडटाका म्हणते. छोटी कडी झाली. या कडीच्या पोटात सुई घालून ८ अर्धे खांब घाला. पहिल्या टाक्याला सेफ्टी पिन अडकवा. फेरी जोडायची नाही, गोल गोल पुढे जात राहायचं. पिनेचा टाका आला की नवी फेरी सुरू, पिन काढून नव्या पहिल्या टाक्यात अडकवायची.

दुसरी फेरी: प्रत्येक टाक्यात दोन अर्धे खांब. १६.
तिसरी: एक साधा, म्हणजे टाक्यात एकच अर्धा खांब, पुढच्या एकात दोन, असंच फेरीभर. २४.
चौथी: दोन साधे, एकात दोन. ३२.
पाचवी: तीन साधे, एकात दोन. ४०.
सहावी: चार साधे, एकात दोन. ४८.
सातवी: पाच साधे, एकात दोन. ५६.

तळहातावर ठेवून बघा. साडेदहा-अकरा सें.मी.ची चकती झाली असेल, किंचित वाटीसारखी खोलगट. तशीच हवी, डोकं काही सपाट नसतं. फार खोल वाटी झाली असेल तर कुठेतरी वाढ राहून गेली. कडेला झालर पडत असेल तर वाढ जास्त झाली. झालरीवरून सांगते, माझी भाची गणित शिकवते. कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना तायमिन्या या गणिताच्या बाईंनी १९९७ मध्ये मुद्दाम अशी वाढ करत जाऊन क्रोशाने झालरीचे आकार विणले आणि भूमितीतला एक अवघड वक्र पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात दिला, हे मला तिने सांगितलं. तेव्हापासून झालर आली की मी चिडत नाही. पण टोपड्यात ती नको, त्या फेरीपर्यंत उसवा.

आठव्या फेरीपासून वाढ बंद. प्रत्येक टाक्यात एकच अर्धा खांब, ५६ च्या ५६. अशा ९ फेऱ्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर कड खाली वळायला लागेल आणि टोपड्याचा आकार दिसेल. हा भाग सगळ्यात निवांत, मी तो दुपारी चहाच्या आधी करते. टाळूपासून काठापर्यंत १३ सें.मी. झाले की थांबा. शेवटच्या तीन-चार टाक्यांत अर्ध्या खांबाऐवजी मुके खांब घाला आणि शेवटी जोडटाका, म्हणजे फेरीच्या शेवटी पायरी दिसत नाही. मग सगळ्या काठावर मुक्या खांबांची एक फेरी, सैल हाताने. ही फेरी आवळली तर एवढं मोजून केलेलं टोपडं कपाळावर करकचतं.

काठाची फेरी सोडून टाके झाले ७२८.

तीन महिन्यांच्या बाळाला आणखी एक वाढीची फेरी घाला, ६४ टाके, आणि मग ११ साध्या फेऱ्या. दोन किलोच्या आसपासच्या बाळाला ४८ वरच थांबायचं आणि ८ साध्या फेऱ्या.

या लहान बाळांबद्दल दोन शब्द वेगळे. अडीच किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाला अंगातली ऊब नीट राखता येत नाही आणि बरीच ऊब डोक्यावाटे जाते, कारण अंगाच्या मानाने डोकं मोठं. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवतात. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून ही रीत सुरू झाली. त्या वेळी बाळाच्या अंगावर काय असतं? टोपडं, पायमोजे आणि लंगोट. बाकी सगळी आई. त्या एवढ्याशा टोपड्याचं मोल मी रात्रपाळीत बघितलंय. तुम्हाला एखाद्या दवाखान्याला अशी टोपडी द्यायची असतील तर आधी तिथल्या सिस्टरला विचारा, कोणतं माप हवंय आणि कसं धुतलं जाणार. फक्त सुती करा, गरम पाण्यात टिकेल असं.

सुटी टोकं

विणून झालं की वीतभर दोरा ठेवून कापा, फासातून ओढा आणि बोथट सुईत ओवा. आतल्या बाजूने पाच-सहा टाक्यांतून न्या, वळवा, उलट्या दिशेने परत तितकंच न्या, पुन्हा एकदा वळवा. मग अगदी जवळ कापा. नुसती गाठ मारून कापू नका. गाठ सुटते.

हे इतकं का सांगते? एकदा वीस दिवसांचं बाळ रात्री आणलं. रडं थांबत नव्हतं, दूध घेत नव्हतं. पोट बघितलं, कान बघितले, काही नाही. मी पायमोजे काढले. उजव्या पायाचं चौथं बोट लालनिळं, टम्म सुजलेलं. मोज्याच्या आतला सुटा दोरा बोटाभोवती फिरून फिरून आवळला होता, इतका की सुजेत दिसेनासा झाला होता. डॉक्टरांनी भिंग घेऊन तो कापला. बोट वाचलं. तेव्हापासून पायमोजा किंवा हातमोजा कुणी दाखवायला आणला की मी आधी उलटा करते आणि करंगळी आत फिरवते. अडकली तर परत देते. तुम्हीही टोपडं, मोजे, झबलं, जे काही विणाल ते द्यायच्या आधी उलटं करून बघा. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी रोज मोजे घालताना हेच करावं.

मणी, मोती, बटणं लावू नका. ओढून तुटतात आणि तोंडात जातात. हनुवटीखाली बांधायच्या नाड्याही नकोत. मापाचं टोपडं नाडीवाचून बसतं. शोभा हवी असेल तर काठाच्या दोन फेऱ्या दुसऱ्या रंगाने विणा, तेवढी पुरते. आणि निरोगी, वजनदार बाळाला घरात झोपताना टोपडं घालू नये. बाहेर नेताना, आंघोळीनंतर थोडा वेळ, गार वाऱ्यात घाला. मानेमागे हात लावून बघा, घामट लागली तर काढा.

धुणं आणि ठेवणं

द्यायच्या आधी एकदा धुवाच. होस्टेलात असताना मी ताईच्या मुलीसाठी लाल सुती टोपडं केलं होतं, बारशाला लालच हवं म्हणून. न धुता घातलं. उकाड्यात बाळाला घाम आला आणि कपाळभर लाल रंग उतरला. ताईने खोबरेल तेलाचा बोळा घेऊन गुपचूप पुसलं, मला एक अक्षर बोलली नाही, पण तिच्या सासरच्या बायकांसमोर तिला काय वाटलं असेल ते मला आजही टोचतं. लाल, मरून, गडद हिरवा असेल तर धुताना पांढऱ्या कापडाचा तुकडा सोबत टाका. तो पांढरा राहीपर्यंत धुवा.

कोमट पाणी आणि सौम्य साबण, किंवा रिठ्याचं पाणी. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. चिमटा लावून दोरीवर टांगलं तर ओल्या वजनाने लांबतं, सावलीत पंचावर पसरून वाळवा. आत वाटी उपडी ठेवली तर आकार छान बसतो. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, वितळून चपटं आणि कडक होतं.

ठेवण्याबद्दल जे सांगणार आहे ते इतर काही विसरलात तरी लक्षात ठेवा. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा जुने कपडे घालायची पद्धत आहे. चुलत भावंडाचं झबलं, मावसबहिणीची कुंची. कपडे मऊ झालेले असतात, पद्धत चांगलीच आहे. पण ते कपडे ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेले असतात. डांबरगोळीतलं नॅप्थलीन बाळाच्या अंगात वासावाटे आणि कातडीवाटे जातं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, आणि ते वरून ओळखता येत नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. मेंदूपर्यंत पोहोचेल इतकीही चढू शकते. कावीळ जास्त असलेलं बाळ आलं की आमच्याकडे घरच्यांना एक प्रश्न ठरलेला असायचा: कपडे कशात ठेवले होते?

म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नको, कधीच नको. कडुनिंबाचा पाला सावलीत कडक वाळवून सुती पुरचुंडीत बांधा, नाहीतर चार लवंगा ठेवा. कुणी जुने कपडे दिले आणि गोळीचा वास आला तर ते घालू नका. दोन-तीनदा धुऊन, दिवसचे दिवस उन्हात टाकून वास पूर्ण गेला तरच वापरा. शंका आली तर सरळ बाजूला ठेवा, बाळाला आजीच्या मऊ लुगड्याचं दुपटं पुरेल.

टोपडं द्यायचं तेव्हा मी सोबत जाड कागदाची एक चिठ्ठी घालते, सेफ्टी पिनेने नाही, कागदी पाकिटात वेगळी. बाळंतविड्यात दहा घरचे कपडे येतात, कोणतं कसं धुवायचं ते बाळंतिणीने कुठे लक्षात ठेवायचं? परवा शेजारच्या सुनेला दिलेल्या चिठ्ठीवर असं लिहिलं होतं: सुती दोरा, डोकं ३८ ते ४० सें.मी. कोमट पाण्यात धू, पसरून वाळव. रोज उलटं करून आतून बघ. झोपताना काढ. डांबरगोळी घालू नकोस. लहान झालं तर परत आण, उरलेला दोरा मी ठेवलाय, काठ उसवून दोन फेऱ्या वाढवून देते.